दाढेचा जोर मोजणारा माणूस

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या वार्षिकात दरवर्षी थोरामोठ्यांची चरित्रे येतात. फुले, शाहू, आंबेडकर, गाडगेबाबा यांच्यावर माझ्याहून चांगले लिहिणारे आमच्या वर्गातच चार-पाच जण आहेत. मी ज्यांच्याविषयी लिहिणार आहे ते अमेरिकेतले दातांचे डॉक्टर होते, आणि त्यांना जाऊन शंभराहून अधिक वर्षे झाली. कला शाखेच्या मुलीला ते कुठे भेटले, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर द्यायचे तर माझ्या आईच्या दाढेपासून सुरुवात करावी लागते.

मी पाचवीत असताना आईची खालची उजवी दाढ किडली. लवंग झाली, तुरटी झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या. शेवटी बाबा तिला तालुक्याला घेऊन गेले. तेथील डॉक्टरांनी दाढ कोरून तीत चांदी भरली. पैसे गेले ते कापसाच्या पहिल्या वेचणीचे. संध्याकाळच्या एस. टी.ने दोघे परतले. आईने चूल पेटवली, सगळ्यांना वाढले आणि शेवटी स्वतः जेवायला बसली. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि वर मूठभर खारे दाणे. तिसऱ्या-चौथ्या घासाला कट् असा आवाज झाला आणि चांदीचा अर्धा तुकडा तिच्या तळहातावर आला. त्या बाजूने एक दिवस चावायचे नाही, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. पुन्हा तेवढे पैसे घालायची कुणाची छाती झाली नाही. दोन महिन्यांनी ती दाढ काढून टाकली. त्यावर आजीने निकाल दिला, तो असा की आईच्या माहेरचे दातच कच्चे. त्यात चांदी भरा की सोने भरा, टिकायचे नाही. तो निकाल आमच्या घरात कायम झाला. माझी दाढ दुखू लागली तेव्हा तोच मलाही लागू झाला.

माझे मामा शहरातील एका दंत महाविद्यालयात प्रयोगशाळा परिचर आहेत. (मामांचे सगळे दात शाबूत आहेत, ही गोष्ट आजीपुढे कुणी काढत नाही.) मागच्या दिवाळीच्या सुटीत मी त्यांच्याकडे राहायला गेले होते. एके दिवशी डबा द्यायला गेले तेव्हा प्रयोगशाळेत मोठ्या वर्गाच्या दोन मुली एका यंत्रापाशी उभ्या होत्या. दाढेत भरायच्या मसाल्यांची ताकद त्या ताडून पाहत होत्या. मसाल्याचे खडूच्या तुकड्यासारखे लहान लहान गोल ठोकळे त्यांनी पाडले होते, चार मिलिमीटर जाड आणि सहा मिलिमीटर उंच. एकेक ठोकळा पोलादी तबकड्यांमध्ये उभा ठेवायचा आणि यंत्राने हळूहळू दाबत न्यायचा. फुटला की आकडा लिहायचा. मी बराच वेळ दारात उभी राहिले. चांदीचा ठोकळा काही केल्या फुटेना. फुटला तेव्हा मामांनी हिशेब करून सांगितले की त्या एवढ्याशा तुकड्याने पाचशे किलोच्या आसपास भार सोसला होता. पांढरा, प्लास्टिकच्या जातीचा मसाला त्याच्या खाली होता, आणि काचेच्या भुकटीचे सिमेंट त्याहून बरेच खाली.

माझ्या मनात आईची दाढ होती. पाचशे किलो सोसणारी चांदी चार खाऱ्या दाण्यांनी कशी मोडली? मी तसे विचारले तेव्हा त्या मुलींपैकी एकीने मला नीट बसवून सांगितले, आणि सांगता सांगता भिंतीवरच्या एका दाढीवाल्या म्हाताऱ्याच्या तसबिरीकडे बोट दाखवले. ते जी. व्ही. ब्लॅक. हे सगळे मोजायला त्यांनी लावले, असे ती म्हणाली. नंतर मामांनी ग्रंथालयातून दोन पुस्तके मिळवून दिली. इंग्रजी पुस्तके मी शब्दकोश घेऊन वाचते, त्यामुळे सुटी त्यातच गेली. जे हाती लागले ते येथे मांडते.

ग्रीन वर्डिमन ब्लॅक यांचा जन्म ३ ऑगस्ट १८३६ रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात विंचेस्टर गावाजवळ एका शेतकऱ्याच्या घरी झाला. हे मी दोनदा वाचले, कारण दातांचा एवढा मोठा पंडित म्हणजे डॉक्टराचा किंवा प्राध्यापकाचा मुलगा असणार, असे मी धरूनच चालले होते. त्या मुलखात तेव्हा नुकती वस्ती होत होती. जंगल तोडून शेती करायची, थंडीत कामे नसली तर मुलांनी शाळेत जायचे. ग्रीनचे मन त्या शाळेत रमले नाही. सगळी शाळा एकत्र केली तरी दोन वर्षेही भरत नाहीत. जंगलात हिंडावे, पाखरे, झाडे, किडे पाहावेत, लाकूड तासून काही करावे, हीच त्याची आवड. गावाने त्याला वाया गेलेला ठरवले असेल तर नवल नाही. आमच्याकडे अशा मुलाला गुरे राखायला पाठवतात.

सतराव्या वर्षी तो मोठ्या भावाकडे राहायला गेला. थॉमस हा भाऊ क्लेटन गावी डॉक्टर होता. त्याच्या हाताखाली ग्रीनने औषधे कुटली, वैद्यकाची पुस्तके वाचली. १८५७ मध्ये माउंट स्टर्लिंग येथील स्पीअर नावाच्या दंतवैद्याकडे तो काही आठवडे राहिला. तेवढ्याच शिकवणीवर त्याच वर्षी विंचेस्टरला परतून त्याने स्वतःचा दवाखाना थाटला. आज हे ऐकून अंगावर काटा येईल. पण त्या काळी दात काढणे आणि भरणे हा हाताचा धंदा होता, सुतारा-लोहारासारखा. ज्याच्याकडे हत्यारे त्याच्याकडे विद्या. अमेरिकेत दातांचे पहिले महाविद्यालय बाल्टिमोर येथे १८४० मध्ये निघाले होते खरे, परंतु लहान गावांतल्या लोकांचा त्याच्याशी संबंध येत नव्हता.

पुढे यादवी युद्ध पेटले. १८६२ मध्ये ब्लॅक उत्तरेच्या सैन्यात दाखल झाले आणि टेहळणीच्या कामावर होते. गुडघ्याला इजा होऊन त्यांना इस्पितळात पडावे लागले आणि सैन्यातून सुटका झाली. १८६३ मध्ये त्यांची पहिली पत्नी वारली. १८६४ मध्ये ते जॅक्सनव्हिल या गावी आले आणि पुढची तेहतीस वर्षे तेथेच राहिले. १८६५ मध्ये त्यांनी दुसरे लग्न केले. घरातल्या गोष्टींविषयी पुस्तकांत फार थोडे आहे, म्हणून मीही येथेच थांबते.

जॅक्सनव्हिलमधली ही वर्षे मला त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोलाची वाटतात. दिवसा दवाखाना आणि रात्री अभ्यास. रसायनशास्त्र त्यांनी स्वतःचे स्वतः शिकून घेतले, इतके की गावातल्या शाळामास्तरांना ते शिकवू लागले. पेशींविषयीचे नवे संशोधन जर्मन भाषेत आहे असे कळल्यावर तेथल्याच एका जर्मन डॉक्टराकडून ती भाषा शिकले. (शब्दकोश घेऊन बसल्यावर मला या एका गोष्टीने फार धीर दिला.) हत्यारे ते स्वतः घडवीत. दात कोरण्यासाठी पायाने चालवायचे, दोरीवर फिरणारे यंत्र त्यांनी १८७० च्या सुमारास तयार केले. १८७७ मध्ये मिसूरी येथील दंत महाविद्यालयाने त्यांना पदवी दिली. तेथे ते विद्यार्थी म्हणून गेलेच नव्हते. १८७० पासून ते तेथे शिकवायला जात होते.

आता मुख्य गोष्टीकडे वळते. दातात काय भरावे यावरून त्या शतकात मोठे भांडण चालू होते. प्रतिष्ठित दंतवैद्य सोने भरीत. सोन्याचा वर्ख तापवून, एकावर एक थर ठेवून, हातोडीने ठोकीत न्यायचा. शुद्ध सोन्याचे थर असे ठोकल्यावर न वितळवताच एकजीव होतात. भरलेले सोने गंजत नाही, काळे पडत नाही. परंतु ते भरून घ्यायला पैसा हवा, आणि खुर्चीत तासन्‌तास तोंड उघडे ठेवून बसायची तयारी हवी. १८३३ मध्ये क्रॉकर नावाचे दोघे भाऊ युरोपातून न्यूयॉर्कला आले. चांदीच्या नाण्यांचा कीस पाऱ्यात कालवून ते दातात भरीत आणि त्याला रॉयल मिनरल सक्सिडेनियम असे भपकेबाज नाव देत. काम झटपट आणि स्वस्त. पण कीड साफ न करताच वरून मसाला दाबायचा, असा त्यांचा कारभार. ते पळून गेले आणि त्यांच्या मसाल्याची बदनामी मागे राहिली. पुढे दंतवैद्यांच्या एका संस्थेने आपल्या सभासदांकडून पारा-चांदी वापरणार नाही अशी लेखी शपथच घ्यायला सुरुवात केली. १८५० मध्ये ती अट मागे घेतली, १८५६ मध्ये संस्थाच मोडली. भांडण मात्र मिटले नाही. एक पक्ष म्हणे सोने भरणारा तो खरा दंतवैद्य. दुसरा म्हणे गरिबाने मग दात काढूनच घ्यायचे का?

मला हे वाचताना आमच्या आजीची आठवण झाली. दोन्ही पक्ष निकाल देत होते. मोजून कुणी पाहिले नव्हते.

चांदी-पाऱ्याच्या मसाल्यात खरोखरच खोट होती. एकाने भरलेली दाढ दहा वर्षे टिके, दुसऱ्याने भरलेली सहा महिन्यांत कडेने सुटे. मसाला सुकताना आक्रसला की दाताच्या आणि त्याच्या मध्ये फट पडते, फटीत अन्न अडकते आणि आतून पुन्हा कीड लागते. फुगला तर तो वर येतो किंवा दातावर ताण पडतो. हा फरक केसाहूनही कितीतरी बारीक असतो, डोळ्यांना तो दिसायचा नाही. ब्लॅक यांनी तो मोजण्याची यंत्रे तयार केली. शंभर भागांत चांदी किती, कथील किती, तांबे किती, जस्त किती, असे प्रमाण बदलीत त्यांनी एकामागून एक मिश्रणे ओतली, किसली, पाऱ्यात मळली आणि सुकताना काय होते ते पाहिले. चांदीने मसाला फुगतो आणि कणखर होतो, कथलाने आक्रसतो. दोन्ही अशा बेताने घालायचे की ना फुगावा ना आक्रसावा. तीन भागांपैकी सुमारे दोन भाग चांदी आणि बाकीच्यात बहुतेक कथील, असे ते प्रमाण साधारणपणे ठरले, आणि पुढे अर्ध्या शतकाहून जास्त काळ दंतवैद्य जगभर त्याच अंगाने चालले.

यातही एक चकवा होता, आणि तो मला एखाद्या रहस्यकथेसारखा वाटला. तेच मिश्रण, तेच प्रमाण, तरीही ताज्या किसाचा मसाला फुगे आणि जुन्या किसाचा तसा फुगत नसे. ताजा कीस पारा जास्त पिई आणि लवकर घट्ट होई. एवढी वर्षे मोजून जमवलेले आकडे अशाने खोटे पडले असते. ब्लॅक यांनी शोध घेतला तेव्हा कळले की धातू किसताना त्याच्यावर जो ताण पडतो तो हळूहळू उतरतो आणि ऊब लागली की लवकर उतरतो. मग कीस मुद्दाम उष्णतेत ठेवून मुरवायचा, म्हणजे सर्वांच्या हाती सारखाच माल पडेल, अशी रीत त्यांनी घालून दिली. लोणचे मुरल्याशिवाय वाढू नये, तसेच हे.

मसाला कितीसा ताकदवान असावा, हे ठरवायचे तर आधी माणूस किती जोराने चावतो हे माहीत पाहिजे. तेही नक्की माहीत नव्हते. ब्लॅक यांनी स्प्रिंग बसवलेले एक यंत्र केले, ते दातांत धरून चावायचे आणि काट्यावर आकडा पाहायचा. अशी हजार माणसे त्यांनी तपासली. दाढांचा सरासरी जोर निघाला सुमारे १७० पौंड, म्हणजे आपल्या मापाने पाऊण क्विंटल! आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. माणूस चावायचे थांबतो ते जबडा थकतो म्हणून नव्हे. दाताच्या मुळाभोवती जो नाजूक पडदा असतो तो दुखू लागतो म्हणून. शिवाय कोणते अन्न फोडायला किती जोर लागतो हेही त्यांनी वेगळे यंत्र करून पाहिले. मसाल्याचे ठोकळे दाबून पाहताना त्यांना असेही आढळले की ही चांदी नुसतीच फुटत नाही. भार सतत राहिला तर ती फुटण्याआधी मेणासारखी कणाकणाने पसरते. यालाही त्यांनी माप लावले.

येथे मला माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. मसाला दातात भरतात तेव्हा तो ओल्या वाळूसारखा असतो. पारा आणि चांदी यांचे लगीन लागायला वेळ लागतो. पहिल्या तासाला त्याची ताकद पुरत्या ताकदीच्या निम्मीही नसते. ती येता येता एक दिवस जातो. मामांच्या प्रयोगशाळेतला तो पाचशे किलोचा ठोकळा दिवसभर सुकलेला होता. आईची चांदी चार-पाच तासांची होती. दुसरे असे की पारा-चांदी सरळ दाब सोसते, ओढ सोसत नाही. ओढ सोसण्याची तिची ताकद दाब सोसण्याच्या ताकदीच्या जेमतेम सातव्या-आठव्या हिश्श्याएवढी असते. तोच ठोकळा त्या मुलींनी यंत्रात आडवा घालून दाबला तेव्हा तो लवकरच मधोमध चिरला. त्यामुळे नुसता वरचा आकडा पाहून हा मसाला चांगला, तो वाईट असे म्हणता येत नाही. पातळ कड राहिली तर सर्वांत ताकदवान मसालाही तेथेच तुटतो.

म्हणून दात कसा कोरावा याचेही नियम ब्लॅक यांनी बांधून दिले. तळ सपाट असावा, भिंती उभ्या असाव्यात, मसाल्याची आणि दाताची कड काटकोनात भेटावी. दाताच्या कोणत्या जागी कीड लागते त्यावरून त्यांनी किडीचे पाच वर्ग पाडले आणि प्रत्येकाची रीत सांगितली. हत्यारांना सुद्धा पात्याची रुंदी, लांबी आणि कोन यांचे आकडे दिले, म्हणजे एका गावचा दंतवैद्य दुसऱ्या गावच्याला पत्राने हत्यार सांगू शकेल. हे सगळे १९०८ मध्ये त्यांच्या दोन खंडांच्या ग्रंथात एकत्र आले. किडीचे ते वर्ग आजही विद्यार्थ्यांना पाठ करावे लागतात, असे मामा सांगतात.

त्यांच्या एका नियमाबद्दल मात्र आता मत बदलले आहे. किडीच्या आसपासचा, पुढे किडू शकेल असा भागही आधीच कोरून घ्यावा, असे ते सांगत. यात चांगला दातही बराच जाई. १९५५ मध्ये बुओनोकोर यांनी आम्लाने दाताचे कवच खरबरीत करून त्यावर मसाला चिकटवता येतो हे दाखवले आणि १९६२ मध्ये बोवेन यांच्या नावे पांढऱ्या मसाल्याचे पेटंट झाले. चिकटणाऱ्या मसाल्याला उभ्या भिंतींची एवढी गरज नसते, त्यामुळे आता जेवढे किडले तेवढेच कोरतात. ताकदीत पांढरा मसाला चांदीच्या थोडा मागे असला, तरी दाताला घट्ट धरून राहण्यात तो पुढे आहे. शिवाय पाऱ्याचा प्रश्न आहेच. पाऱ्याचा वापर कमी करण्याचा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून दातांत पारा-चांदी भरणे काही अपवाद सोडून बंद केले. चांदी मागे पडते आहे ती दुबळी आहे म्हणून नव्हे, हे येथे सांगितले पाहिजे.

पण मला ब्लॅक यांचे सर्वांत मोठे काम वेगळेच वाटते. १८९५ मध्ये त्यांनी जे संशोधन छापले त्यात भरायच्या मसाल्यांच्या आधी खुद्द दातांची परीक्षा होती. त्या वेळी सर्वांची अशी समजूत होती की काही माणसांचे दात जन्मतः मऊ असतात, त्यांत चुना कमी असतो, आणि तेच किडतात. मऊ दाताला कठीण मसाला चालायचा नाही, असाही सल्ला दिला जाई. ब्लॅक यांनी काढून टाकलेले दात जमवले. प्रत्येक दात कोणाचा, वय काय, किडलेला की चांगला, हे टिपून ठेवले. मग त्यांचे तुकडे कापले, तोलले, त्यांतला चुना मोजला, दाबून फोडले. किडक्या माणसांचे दात आणि चांगल्या माणसांचे दात यांत त्यांना तसा फरकच सापडला नाही. दात किडतो तो कच्चा असतो म्हणून नव्हे. त्याच्या भोवती, त्याच्यावर जे साचते, जे जंतू वाढतात, त्यांनी तो किडतो.

हे पान मी मामांच्या घरी रात्री वाचले. आईच्या माहेरावरचा दहा वर्षांचा आरोप एका परक्या माणसाने सव्वाशे वर्षांपूर्वीच खोडून ठेवला होता आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. मी मामांना उठवून सांगितले. ते म्हणाले की त्यांना ते केव्हाच माहीत होते, पण बहिणीच्या सासूपुढे बोलायचे कोणी?

१८९७ मध्ये ब्लॅक शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात दंतशाखेचे प्रमुख झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. १९०९ मध्ये, त्र्याहत्तराव्या वर्षी, ते कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी गेले. तेथले मॅके नावाचे तरुण दंतवैद्य मुलांच्या दातांवरच्या तपकिरी डागांनी चक्रावून गेले होते. त्या गावी जन्मलेल्या मुलांपैकी साडेसत्त्याऐंशी टक्क्यांच्या दातांवर असे डाग होते. ब्लॅक यांनी ते दात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. कवच घडतानाच बिघडले आहे हे त्यांना दिसले. आणि तरीही हे डागी दात किडायला हवे होते तेवढे किडत नव्हते. कारण सापडायच्या आत, ३१ ऑगस्ट १९१५ रोजी ते वारले. त्यांचे आणि मॅके यांचे लेखन १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले. पाण्यातले जास्तीचे फ्लोराइड हे त्याचे कारण आहे, हे १९३१ मध्ये उघड झाले. शिकागोच्या लिंकन उद्यानात १९१८ मध्ये त्यांचा पुतळा बसवला.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. शेजारच्या गावी माझ्या वयाच्या मुलींचे दात असे पिवळे-तपकिरी आहेत आणि त्या हसताना तोंडावर हात धरतात. आम्ही लहानपणी त्यांना दात न घासणाऱ्या म्हणून चिडवायचो. त्याची आता लाज वाटते.

दिवाळीहून परतले तेव्हा आईची डावी दाढ दुखत होती. काढून टाकू, कच्चीच आहे, असे ती आपणहून म्हणाली. मी आजीसमोरच तिला दातांचे तुकडे दाबून फोडणाऱ्या त्या माणसाची गोष्ट सांगितली. आजीला ती पटली नाही. जानेवारीत मी आईला मामांकडे नेले. विद्यार्थ्यांच्या दवाखान्यात थोडक्या पैशांत काम झाले. तपासणाऱ्या मॅडमनी पांढरा मसाला भरला आणि निळा उजेड पाडून तो तेथेच कडक केला. आज जेवायला हरकत नाही, असे त्यांनी आईला दोनदा सांगितले. तरी आईने त्या रात्री नुसत्या ज्वारीच्या कण्या खाल्ल्या, त्याही उजव्या बाजूने, जिकडे दाढ नाही.